अतिक्रमण कोणी कोणावर केले?

कुर्ला पश्चिमेचा बैलबाजार ओलांडून आत शिरले की क्रांतीनगर, संदेशनगर लागते. पुढे अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या अंगाने जरीमरी, सफेद पूल आणि मग साकीनाका. नकाशावर पाहिले तर ही सगळी वस्ती मुंबई विमानतळाच्या पूर्वेकडच्या भिंतीला चिकटलेली एक लांबट पट्टी आहे. मधून मिठी नदी वाहते. वाहते म्हणायचे, एवढेच! धावपट्टीवर उतरणारे विमान या पत्र्यांवरून जाते तेव्हा त्याची चाके बाहेर आलेली असतात आणि ती मोजता येतात. इथली माणसे बोलता बोलता थांबतात आणि विमान गेले की तुटलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू करतात. या भागातले पक्षकार माझ्या ऑफिसात येतात तेव्हा तिथे विमानाचा आवाज नसतानाही मोठ्याने बोलतात. सुरुवातीला मला वाटायचे, रागावले आहेत.

वकिलीच्या माझ्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. २००८ च्या पावसाळ्यात क्रांतीनगरातल्या एक मावशी आल्या. हातात दुहेरी गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, विजेची बिले, मतदार यादीच्या उताऱ्याची झेरॉक्स, मुलाचा शाळेचा दाखला आणि पाण्याचा डाग पडलेला फोटोपास. सोबत दाराला चिकटवून गेलेली नोटीस. "वकीलदादा, यात आम्हाला काय म्हटलंय तेवढं वाचून दाखवा." मी वाचले : 'अनधिकृत अतिक्रमणधारक'. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही आलो तवा ही भिंत हितं नव्हती. भिंत मागनं आली. मग आम्ही कुणावर अतिक्रमण केलं?"

कायद्याच्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचे ते बघा आणि विषय संपवा! न्यायालयात मीही तेवढेच बघतो, दुसरा इलाज नसतो. पण मिळकत पत्रिकेवर ते नाव आले कसे, हा प्रश्न न्यायालयाबाहेर विचारायला कोणी बंदी केलेली नाही. म्हणून आज हा लेख.

विमानतळाच्या उत्तरेला, अंधेरी पूर्वेला, कोंडिविटे गावाच्या टेकडीवर बौद्ध लेणी आहेत. आज सगळे त्यांना महाकाली लेणी म्हणतात, बसच्या पाटीवरही तेच नाव. एकूण एकोणीस लेण्यांचा हा समूह. त्यातली जुनी लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची मानली जातात. नवव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात स्तूपाभोवती गोल भिंत कोरलेली आहे आणि तिला दगडी जाळ्यांच्या खिडक्या आहेत. बिहारमधल्या बराबरच्या लेण्यांची आठवण व्हावी अशी ही रचना महाराष्ट्रात क्वचितच बघायला मिळते. लेणी आहेत म्हणजे भिक्खू होते, आणि भिक्खू होते म्हणजे त्यांच्या भिक्षापात्रात अन्न वाढणारी गावे पायथ्याशी होती. साष्टीच्या या भागात माणसे दोन हजार वर्षांपूर्वीपासून राहत आली आहेत, हे त्या दगडावरून कळते. नाव बदलले की मालकीही हळूच बदलते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

ही गावे कोणती? सहार, मरोळ, मोहिली, आसल्पे, कोळेकल्याण म्हणजे आजचे कलिना, आणि कुर्ला. भातशेती, भाजीपाला, खाजणात मासेमारी. वस्ती कोळी, आगरी, कुणबी आणि पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांची, ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणून ओळखतो. सहारचे चर्च आणि गावठाणातले क्रूस अजून उभे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीने १८०८ च्या सुमारास कुर्ला आणि आसपासची सहा गावे होरमसजी बमनजी वाडिया यांना देऊन टाकली. कशाच्या बदल्यात? मुंबईच्या किल्ल्याजवळ, अपोलो बंदराच्या बाजूची त्यांची जागा कंपनीला हवी होती म्हणून! एका मोक्याच्या भूखंडाच्या अदलाबदलीत सात गावे गेली. त्या गावांत नांगर धरणाऱ्याला, जाळे टाकणाऱ्याला, वेशीबाहेर राहून गावकी करणाऱ्याला कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या सहार, मरोळ, कोळेकल्याणच्या शिवारात पुढे विमानतळ पसरला, त्या शिवाराच्या मालकी कागदाची सुरुवात ही अशी आहे. तिला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. तिला 'टायटल' म्हणतात.

मुंबईचे पहिले विमानतळ जुहूचे, १९२८ चे. सांताक्रूझचा तळ मोठा झाला तो दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाच्या गरजेपोटी. युद्ध संपल्यावर तो नागरी विमानांसाठी आला. १९५८ मध्ये सांताक्रूझला प्रवासी टर्मिनल झाले, १९८१ मध्ये सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल आले. दरवेळी हद्द पुढे सरकली. शेत गेले, गावठाण राहिले, आणि गावठाणाभोवती भिंत आली.

आता भिंतीच्या या बाजूची माणसे कुठून आली ते पाहू. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या भूमिहीनांना मुंबईच्या वाटेला लावले. त्यात आपला समाज मोठ्या संख्येने होता. उत्तर प्रदेशातले मुसलमान कारागीर आले, दक्षिणेतले मजूर आले. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी तिथेच तयार व्हायची. पवईला, मरोळला कारखाने होते, साकीनाका-असल्फ्याच्या डोंगरात दगडाच्या खाणी होत्या. विमानतळावरही माल चढवणारा, फरशी पुसणारा, खड्डा खणणारा माणूस लागतोच. हा माणूस राहणार कुठे, याचा विचार यातल्या एकाही मालकाने केला नाही आणि सरकारनेही केला नाही. तो ओसाड पाणथळीत राहिला. स्वतः भर घातली, स्वतः पत्रे ठोकले. सहार रोडजवळची अण्णावाडी ही वस्ती तर १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या तामिळ मजुरांनी वसवली. कॅथरीन बू या अमेरिकन पत्रकार महिलेने २०१२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले तेव्हा जगाला कळले की विमानतळाच्या भिंतीआड माणसे राहतात. मुंबईला ते आधीपासून माहीत होते, मुंबईने विचारले नव्हते इतकेच.

जरीमरी या नावाबद्दलही जरा थांबून सांगतो. जरीमरी ही पटकीची, साथीच्या रोगाची देवी. गावात रोग शिरू नये म्हणून तिला वेशीवर बसवायचे ही जुनी रीत. देवीच्या देवळावरून वस्तीला नाव पडले. म्हणजे कुर्ल्याची वेस इथे कुठेतरी होती. वेशीवर देवी कोणती बसवतात आणि वेशीबाहेर माणसे कोणती ठेवतात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आज त्याच जरीमरीच्या गल्ल्यांत शिवणकामाचे कारखाने आहेत. पोटमाळ्यावर आठ-दहा मशीन, तिथेच झोपायचे, तिथेच जेवायचे. शहरातल्या दुकानांत टांगलेले कपडे अशाच पोटमाळ्यांवर शिवले जातात. पण पत्ता म्हणून 'जरीमरी' लिहिले की बँकवाला कर्जाचा अर्ज बाजूला ठेवतो, हा अनुभव इथल्या तरुणांनी मला अनेकदा सांगितला आहे.

आता नदीकडे वळू, कारण अतिक्रमणाचा खरा मुकदमा नदीकाठीच उभा राहतो. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून मिठी निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, वाकोला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी. पावसाळी नदीला पसरायला जागा लागते. मिठीला ती जागा खाजणात आणि भातखाचरांत मिळत होती. ती खाचरे विमानतळात गेली. धावपट्टी सरळ पाहिजे, मग नदी वाकडी झाली! विमानतळाच्या हद्दीपाशी तिला काटकोनात वळणे घ्यावी लागली आणि धावपट्टी-टॅक्सीवेखालच्या मोऱ्यांतून जावे लागले. खाली खाडीच्या तोंडाशी वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या खाजणात भराव पडला. तिथे आज बँका, हिरे बाजार आणि मोठमोठी कार्यालये आहेत. वाहत्या पाण्याला वळणावर काय होते हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळते. पाणी तुंबते आणि काठावर जो असेल त्याच्या घरात शिरते.

२६ जुलै २००५ ला ते शिरले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर! दक्षिण मुंबई जवळपास कोरडी आणि कुर्ला, कलिना, साकीनाका पाण्याखाली. साकीनाक्याला दरड कोसळून अनेक माणसे गाडली गेली. क्रांतीनगरात पाणी पत्र्याला टेकले. मावशींनी मला सांगितले, त्या दोन्ही मुलांना घेऊन शेजारच्या माळ्यावर रात्रभर उभ्या होत्या आणि पिशवी डोक्यावर धरली होती. मी विचारले, भांडी, गॅस, टीव्ही? "ते पुन्हा घेता येतं दादा. कागद पुन्हा देत नाही कोणी."

पाणी ओसरले आणि दोषी शोधायला सुरुवात झाली. बघता बघता निकाल लागला की मिठी गुदमरली ती झोपड्यांनी. त्याआधी काही महिनेच, डिसेंबर २००४ ते २००५ च्या सुरुवातीला, मुंबईत ८० ते ९० हजार झोपड्या जमीनदोस्त करून झाल्या होत्या. आता नदीकाठ मोकळा करायचे निमित्त मिळाले. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. झोपड्यांमुळे नदी अरुंद झाली हे खोटे नाही, आणि मी ते नाकारणार नाही. काठावर कचरा पडतो, गोदामांचे रंगीत पाणी सुटते, हेही आपल्या डोळ्यांना दिसते. पण त्याच नदीवर धावपट्टी आहे, त्याच नदीच्या खाजणात काचेच्या इमारती आहेत. पाडकामाचा जेसीबी कोणत्या दिशेने वळला? गाळ काढण्याच्या नावाने मात्र वर्षानुवर्षे कोट्यवधी रुपये नदीत गेले. त्यातच सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये दाखल केला. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. क्रांतीनगरात मात्र नदीची पातळी वाढली की पावसाळ्यात अजूनही घरे रिकामी करून माणसांना पालिकेच्या शाळेत हलवावे लागते.

इथे कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९८१ मध्ये भर पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथावरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हुसकून गावी पाठवायचा आदेश निघाला. त्यातून ओल्गा टेलिस प्रकरण उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी सांगितले की राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. आमचे अनेक कार्यकर्ते इथवर सांगतात आणि टाळ्या घेतात. निकालाचा दुसरा भाग सांगत नाहीत. न्यायालयाने हटवण्याला मनाई केली नव्हती, फक्त नोटीस द्या, म्हणणे ऐका, असे सांगितले होते. म्हणजे हक्क मान्य, घर मान्य नाही! त्यानंतरची सगळी लढाई एका तारखेभोवती फिरते आहे. आधी १९७६ ची झोपडपट्टी गणना आणि तिचे फोटोपास. मग १ जानेवारी १९९५. पुढे १ जानेवारी २०००. आणि २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. १९९५ च्या ३१ जानेवारीला आलेला माणूस अनेक वर्षे गुन्हेगार होता आणि एका दुरुस्तीने तो नागरिक झाला.

विमानतळाशेजारी हेही पुरत नाही, कारण जमीन केंद्राची. राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना केंद्राच्या जमिनीवर राबवायची तर केंद्राच्या खात्याची संमती लागते. विमानतळ प्राधिकरणाच्या कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने वेगळे प्रकरणच घातले गेले. वेगळा निष्कासन अधिकारी, वेगळे अपील न्यायाधिकरण. शौचालय बांधायचे, नळ द्यायचा, गटारावर झाकण टाकायचे तरी 'ना हरकत' आणा. पालिका केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र पालिकेकडे. या दोन बोटांच्या मध्ये तीन पिढ्या हंडा घेऊन उभ्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी स्पष्ट केले की घर अनधिकृत असले म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही. या निकालाची प्रत मी वस्तीत कित्येकांना दिली आहे. प्रत्येकाने ती पिशवीत ठेवली.

मग २००६ उजाडले. विमानतळ खासगी कंपनीकडे गेला. ७४ टक्के हिस्सा जीव्हीके समूहाच्या नेतृत्वाखालील गटाकडे, २६ टक्के प्राधिकरणाकडे. उत्पन्नातला ३८.७ टक्के वाटा प्राधिकरणाला द्यायचा असा करार. जमीन सार्वजनिक, नफा खासगी. विमानतळाच्या सुमारे २७६ एकरांवर झोपड्या आणि त्यांत ८० हजारांच्या घरात कुटुंबे, असे त्या वेळचे अंदाज होते. २००७ मध्ये त्यांच्या पुनर्वसनाचे काम एचडीआयएल या बांधकाम कंपनीला मिळाले. कुर्ल्यात प्रीमियरच्या जुन्या जागेवर पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. गंमत पाहा, ज्या कारखान्यात बापाने टॅक्सीचे सांगाडे जोडले, तो बंद पडल्यावर त्याच जागेवर मुलाला खोलीचे स्वप्न दाखवले गेले! सर्वेक्षण झाले, घरांवर आकडे पडले, नेते आले, बॅनर लागले. वस्तीतही फूट पडली. काहींना आहे त्याच जागी घर हवे होते, काहींना मिळेल तिथे. अपात्र ठरलेले दोन्हीकडून वाऱ्यावर. आपल्या गटांनी इथे एकत्र बसून एक भूमिका घेतली असती तर चित्र वेगळे दिसले असते, हे मी कोणाचे नाव न घेता लिहितो. माझेही त्यात थोडे चुकले आहे. पात्र लोकांच्या केसेस आम्ही आधी घेतल्या, कारण त्या जिंकण्यासारख्या होत्या.

२०१३ मध्ये विमानतळ कंपनीने हा करार रद्द केला. २०१९ मध्ये एचडीआयएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०१४ मध्ये नवे टर्मिनल दोन सुरू झाले. २०२१ मध्ये विमानतळाचे व्यवस्थापन अदानी समूहाकडे आले. कंपन्या आल्या, कंपन्या गेल्या. क्रांतीनगरातल्या घरांवर सर्वेक्षणाचे आकडे तेवढे राहिले, रंग उडालेले.

भरीस भर म्हणजे उंचीची अट. विमानांच्या उतरण्याच्या मार्गाखाली इमारत किती उंच असावी यावर बंधन आहे, आणि ते असलेच पाहिजे, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण उंची नाही म्हणजे विकायला जादा मजले नाहीत, आणि विकायला मजले नाहीत म्हणजे बिल्डरला रस नाही. कुर्ला, वाकोला, विलेपार्ल्यातल्या मध्यमवर्गीयांच्या जुन्या सोसायट्याही यात अडकल्या आहेत. गरिबाचे घर बिल्डरच्या नफ्यावर टांगलेले ठेवले की असे होते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावे उठवली. तिथल्या आगरी-कोळी बांधवांनी लढून मोबदला आणि भूखंड पदरात पाडून घेतले, कारण त्यांच्याकडे सातबारा होता. पण त्या शेतांवर, मिठागरांवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाकडे काय होते? आणि नव्या विमानतळावर फरशी पुसायला, माल चढवायला जो माणूस लागेल तो कुठे राहणार आहे? उलव्याच्या वळवलेल्या नदीकाठी एकदा फेरी मारून यावे, असे मी आपल्या कार्यकर्त्यांना सुचवतो. नोंदी आतापासून ठेवायला लागा. कोण कोणत्या महिन्यात आले, भिंत कधी बांधली, याचे फोटो तारखेसह काढून ठेवा. तीस वर्षांनी वकिलाला तेच लागते.

मावशींच्या नोटिशीला मी उत्तर दिले, सुनावणी झाली. मतदार यादीत 'अनुसया' आणि फोटोपासवर 'अनसूया', एवढ्यावरून एका कार्यालयाने त्यांना अपात्र ठरवले. आम्ही अपील केले. पुढे तो करारच रद्द झाला आणि फाईल कुठल्या कपाटात गेली ते विचारायला मी दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिलो. मावशी २०१९ मध्ये गेल्या. मागच्या जूनमध्ये त्यांचा थोरला मुलगा आला. तो विमानतळावर मालवाहू विभागात कंत्राटावर काम करतो. हातात तीच पिशवी, तीच दुहेरी गाठ, आत आता मृत्यूचा दाखलाही होता. वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज मी लिहायला घेतला. पत्त्याच्या रकान्यापाशी तो म्हणाला, "दादा, 'विमानतळाच्या भिंतीजवळ' असं लिहा, म्हणजे साहेबांना लगेच कळेल." मी लिहिले : मिठी नदीकाठ, क्रांतीनगर, कुर्ला पश्चिम.